दत्तूभाऊची एक कंडिशन

आमच्या गावात दुपारच्या जेवणाआधी टीव्हीवर मासा दाखवतात. बातम्या नाहीत, भाव नाहीत, रेसिपी नाही. नुसता मासा. गावच्या केबल चॅनेलवर आमचा केबलवाला दत्तूभाऊ उगवतो, मासा शेपटीला धरून आधी एका अंगाने दाखवतो, मग फिरवून दुसऱ्या अंगाने दाखवतो, मान डोलावतो आणि निघून जातो. एरवी ज्याच्या तोंडाला जरा उसंत नसते, तो हा माणूस त्या कार्यक्रमात चकार शब्द काढत नाही. मी एकदा म्हटलं, "दत्तूभाऊ, निदान भाव तरी सांगत जा." तर म्हणाला, "बाई, भाव बाजारात कळतो. हितं फकस्त मासा."

आगरदांड्याच्या जेट्टीच्या अलीकडे आमचं गाव. मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवते आणि माझ्या परसाला लागून 'दत्तू केबल'चं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे तारांच्या भेंडोळ्यांनी भरलेली एक खोली आणि त्यात कशीबशी मावलेली एक खुर्ची. इंग्रजी कागद आला की दत्तूभाऊ कुंपणावरून हाक मारतो आणि मी चष्मा शोधायला लागते.

"कसे आहात?" असं त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही. "चित्र येतंय ना?" हीच त्याची विचारपूस. मला टायफॉइड झाला तेव्हा हा हॉस्पिटलात भेटायला आला, माझ्याकडे पाठ करून भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत उभा राहिला, म्हणाला, "चित्र येतंय ना?" मी हो म्हटल्यावर शहाळं ठेवून समाधानाने घरी गेला.

दुसरं त्याचं लाडकं वाक्य म्हणजे "एक कंडिशन हाय." पूर्वी तो नुसतं केबल द्यायचा, आता एकाच तारेतून टीव्ही, फोन आणि इंटरनेट देतो. "ह्या तीन जावा हाईत, बाई," तो मला समजावतो. "एका घरात नांदतील, पर कंडिशन पायजे." म्हणून नवीन जोडणी देताना तो पैशांचं बोलायच्या आधी घर बघतो. टीव्ही अशा जागी हवा की भाकरी थापणाऱ्या बाईला तो चुलीपाशी बसून दिसेल. रिमोट घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती राहील. आणि तारेवर बोंबील वाळत घालायचे नाहीत.

ही शेवटची कंडिशन त्याला अनुभवाने सुचली. कोळीवाड्यातल्या एका वहिनींना त्याची नवी फायबर भारी आवडली. बारीक, ताठ, उन्हातली, मांजराच्या टप्प्याबाहेरची. त्यांनी तिच्यावर बोंबलांच्या जोड्या अडकवल्या आणि अख्ख्या आळीचं इंटरनेट बसलं. दत्तूभाऊ शिडी घेऊन गेला, बोंबील उतरवले आणि दंड म्हणून सगळे घरी नेले. वहिनी अजून म्हणतात, त्याला बोंबीलच हवे होते, इंटरनेट हे निमित्त.

गेल्या वर्षी त्याचे दिवस फिरले. तरण्या पोरांनी मोबाइलवरच सगळं बघायला सुरुवात केली आणि घराघरांतून केबल उतरू लागली. खाडीपलीकडे दिघीला त्याचा दोस्त केबल चालवायचा. दोस्तीखातर आमचं चॅनेल तिकडेही दाखवायचा. त्या दोस्ताने कंटाळून आपल्या तारा एका मोठ्या कंपनीला विकल्या आणि कंपनीने पहिलं काम केलं ते म्हणजे आमचं चॅनेल बंद.

तेव्हापासून दत्तूभाऊ विचित्रच वागायला लागला. रोज सकाळी पिशवीत मासा घालायचा, फेरीबोटीने दिघीला जायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा. पिशवीत मासा तसाच! गावात दोन तट पडले. काही म्हणाले, पलीकडे मासळी विकायला जातो आणि विकली जात नाही. बाकीचे म्हणाले, बायको जाऊन इतकी वर्षं झाली, आता दिघीला स्थळ बघतोय आणि बाई मासा पसंत करत नाहीये.

एवढ्यात तीच कंपनी त्याच्या दारात आली. मांडव्याहून गाडी करून एक साहेब आले. तारा आम्हाला द्या, गिऱ्हाइकं आमची, देखभाल तुमची, पगार चालू. कागद वाचायला मी होतेच. बुडत्या धंद्याला याहून बरं काय मिळणार? मी कुंपणाच्या बाजूने डोळ्यांनी खुणावलं, की सही कर.

"एक कंडिशन हाय," दत्तूभाऊ म्हणाला. "माझा चॅनेल दिघीला दिसला पायजे."

साहेबांनी कपाळ पुसलं. "लेकिन दिघी में आपका एक भी कस्टमर नहीं है."

"म्हनून तर कंडिशन."

"वहाँ देखेगा कौन?"

"बघनारं मानूस हाय."

साहेब उठले, मी चिडले. "दत्तूभाऊ, पलीकडच्या लोकांना तुझा मासा बघून काय करायचंय? आहे ते घालवून बसशील!" तो ऐकेल तर शपथ. शेवटी साहेबांनी बाहेर जाऊन फोन लावले आणि परत येऊन सांगितलं, की चॅनेल देऊ, पण दारावरची 'दत्तू केबल'ची पाटी उतरेल, कंपनीची लागेल. त्या पाटीला हा माणूस दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा. मला वाटलं, आता भांडण होणार. दत्तूभाऊ तीच शिडी घेऊन चढला आणि पाटी स्वतः उतरवून आला. मला त्याच्या हट्टाचा राग आला होता, तो आणखी वाढला.

नंतर एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी बारशाला मला दिघीला जायचं होतं. दत्तूभाऊने सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी दिली. "तिथं माझी मोठी बहीन हाय, आक्का. आयमागं तिनंच मला वाढवला. एवढं द्या. एक कंडिशन हाय, जेवनाच्या आधी पोचा."

आक्का टीव्हीसमोर पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात ताट वाढलेलं, भाताला हात लावलेला नव्हता. मी नमस्कार करून नाव सांगितलं, तशी सून म्हणाली, "त्यांना आयकू येत न्हाय हो. दोन्ही कान गेले." एवढ्यात पडद्यावर दत्तूभाऊ आला. हातात बांगडा. इकडून दाखवला, तिकडून दाखवला.

"परत बांगडा!" आक्का टीव्हीवर ओरडल्या. "काल बांगडा, आज बांगडा! मेल्या, जिताडा घे कधी! आन् दाढी कर, भूत दिसतोस!" मग ताट ओढून त्यांनी पहिला घास घेतला.

सून सांगत होती. दत्तूमामांची बायको गेली तेव्हापासून आक्का रोज जेवणाआधी फोन करायच्या, "आज काय कालवन?" त्याने उत्तर दिल्याशिवाय जेवायच्या नाहीत. कान गेले आणि ते बंद पडलं, तेव्हा मामांनी टीव्हीवर मासा दाखवायला सुरुवात केली. मध्ये चॅनेल दिसेना तेव्हा मामा मासा घेऊन स्वतः यायचे, दाखवून शिजवायला परत न्यायचे.

मी खुणेने मोबाइल दाखवला. यावर समोरासमोर बोलता येतं की!

"नको, बाय," आक्का म्हणाल्या. "केला हुता एकदा. त्याचा तोंड हालतो आन् मला आयकू येत न्हाय, मग रडू येतं. टीवीवर कुनाचाच आयकू येत न्हाय. तेच्यात त्याचाबी न्हाय आला, तर काय वाटत न्हाय. आन् हितं त्याचा तोंड हालतच न्हाय."

ज्या माणसावर मी महिनाभर रागावले होते, तो गप्प का उभा राहतो हे मला तिथे कळलं.

संध्याकाळच्या फेरीने परतले तेव्हा तो जेट्टीवरच होता. "चित्र येतंय ना?"

"स्वच्छ येतंय," मी म्हटलं. "पण बांगडा पुरे, असं सांगितलंय. जिताडा घे. आणि दाढी कर."

दत्तूभाऊने गालावरून हात फिरवला. खाडीकडे तोंड करून हातातली तार उगाच गुंडाळत राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मुद्दाम लवकर येऊन मी टीव्ही लावला. दत्तूभाऊ आला. दोन्ही हातांत न मावणारा जिताडा. इकडून दाखवला, तिकडून दाखवला. एरवी तो एवढं करून निघून जातो. त्या दिवशी त्याने मासा खाली ठेवला, कॅमेऱ्याच्या जवळ सरकला आणि आधी उजवा गाल दाखवला, मग मान फिरवून डावा.