मेहरुनभाभींची टिंग

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी ते चलनाचं कार्ड असतं ना, इथे पैसे भरून घ्यायचं आणि तिकडे जाऊन वापरायचं, त्याविषयी अख्ख्या रहिमतपुरात माझ्याइतकी माहिती कुणालाही नाही! हे आत्ताच सांगून ठेवते. गोष्ट संपेपर्यंत तुमचा विश्वास राहणार नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालते. माझी प्रांजल आयर्लंडला अन्नतंत्रज्ञान शिकायला जायची ठरल्यावर मी या कार्डांचा असा अभ्यास केला, की शेवटी बँकेतले साहेबच मला विचारू लागले, "मॅडम, मग यातलं कुठलं बरं?"

कार्डाबरोबर एक मोबाइल नंबर द्यावा लागतो. तिकडे कार्ड वापरलं, की त्या नंबरवर दुकानाच्या नावासकट निरोप येतो. प्रांजलचं इथलं सिम तिकडे बंदच राहणार होतं. मी तत्काळ म्हणाले, "माझा नंबर लिहा!"

घरी येऊन मी ही युक्ती यांना सांगितली. सयाजीराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मेहरुनभाभींनी केलंय की हे. गेल्या वर्षीच."

हेच ते! हेच माझं दुखणं!

मेहरुनबी आमच्या समोरच्या. पीरमहंमदभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यांच्या पत्नी. त्यांची नूरीन आणि माझी प्रांजल बालवाडीपासून एका बाकावर. प्रांजलला नूरीनपेक्षा नेहमी दोन गुण जास्त. तरी आयर्लंडला आधी गेली कोण? नूरीन! आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत ती टिंग सुरू झाली.

भाभींचा फोन टिंग करायचा. निरोप इंग्रजीत. मग भाभी डोक्यावरचा पदर सावरत आमच्या दारात.

"बाई, बगा की, काय म्हंतंय?"

मी वाचायची. "बेकरी आहे. पाव घेतलाय."

भाभी तिथूनच गल्लीला वर्दी द्यायच्या, "नूरीननं पाव घेतला!"

"ताजा हाय न्हवं?" पलीकडच्या ओट्यावरून दगडाबाई विचारायच्या. दगडाबाई मूळच्या म्हसवडकडच्या. वय विचारलं तर म्हणतात, 'मोजलं न्हाई.' पाव ताजा आहे की नाही, यावर मग गल्लीत अर्धा तास चर्चा! वाचून दाखवणारी मी, आणि मान भाभींचा. माझ्या पोटात आम्ल तयार व्हायचं. सौम्य नव्हे, संहत!

म्हणून प्रांजल गेली, नूरीनच्याच खोलीवर राहायला लागली, आणि पहिल्यांदा माझा फोन टिंग झाला, तेव्हा मी गॅसवरचं दूध तसंच सोडून बाहेर धावले. दूध उतू गेलं. जाऊ दे! आधी मी प्रांजलला फोन लावला.

"कॉफी घेतलीस?"

"आई? तुला कसं कळलं?"

"मला सगळं कळतं! बाहेर कशाला? खोलीवर करता येत नाही?"

"आई, मी अजून कप उचललासुद्धा नाहीये."

दुसरी टिंग. "हे औषधाचं दुकान कशाला? काय होतंय तुला?"

"शाम्पू घेतला, आई."

तिसरी टिंग. "चपलांचं दुकान? घरून दोन जोड दिलेत ना?"

"आई, दुकानदार बघतोय माझ्याकडे. नंतर बोलते."

माझा वेग बघा! तिचं कार्ड यंत्राला टेकायचा अवकाश, की माझा फोन गेलाच. हिला केवढा आधार वाटत असेल, असं मला वाटायचं.

आणि मग माझा फोन गप्प झाला.

आठवडा गेला, दोन गेले. टिंग नाही. महिनाअखेरीला एकच आली. प्रांजलनं यंत्रातून रोख रक्कम काढली होती. पुढच्या महिन्यातही तसंच. मी गल्लीत सांगितलं, "आमची प्रांजल कार्ड उगाच वापरत नाही. काटकसरी आहे!"

"व्हय, पर खाती काय?" दगडाबाई म्हणाल्या.

रविवारी व्हिडिओवर प्रांजलला विचारायची, तर ती म्हणायची, "जेवले." कुठे गेली होतीस? "कॉलेजला." काय केलंस? "अभ्यास." लेक समोर दिसत होती, पण बातमी म्हणाल तर शून्य! मी सतरा प्रश्न विचारायची आणि ती मान हलवायची. फोन ठेवल्यावर मी तिच्या खोलीत जाऊन उगाच चादर नीट करायची.

इकडे भाभींच्या फोनला मात्र बहर आला होता! पहिले सहा महिने निव्वळ पाव आणि दूध घेणारी नूरीन अचानक कुठली कुठली दुकानं हिंडू लागली होती. निरीक्षण माझ्या डोळ्यांसमोर होतं. निष्कर्ष काढायची बुद्धी तेवढी झाली नाही.

"बाई, हे काय?"

"फुलांचं दुकान."

"नूरीननं फुलं घेतली!" गल्लीला वर्दी.

"बाई, आणि हे?"

"नाटकाचं तिकीट."

"आणि ह्ये?"

"मातीची भांडी करायला शिकवतात तिथे," मी दातओठ खात वाचलं. त्याच रविवारी प्रांजलच्या मागे टेबलावर एक वाकडा निळा कप दिसला. "नूरीनचा का गं?" मी विचारलं. "हं," प्रांजल म्हणाली. म्हणजे नूरीन कप करते आणि माझी लेक त्यात पाणी पिते!

मी जळले. स्पष्टच सांगते. मॅग्नेशियमची फीत जळते ना, डोळे दिपवून, तशी जळले. तिची मुलगी जगते आहे, माझी नुसती जेवते आहे. तिला रोज बातमी, मला महिन्याला एक.

आणि मग तो गुरुवार उजाडला. संध्याकाळी भाभी फोन घेऊन आल्या. मी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"भाभी, बसा."

"का हो?"

"टॅटूचं दुकान आहे. आगाऊ रक्कम भरलीय. गोंदवून घेतेय नूरीन!"

खरं सांगते, माझ्या आत कुठेतरी सनई वाजली. चेहरा मात्र मी तेराव्याला गेल्यासारखा केला होता.

भाभींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "अस्सं? असू द्या की. पोरीचं वय हाय."

"असू द्या? भाभी! पीरमहंमदभाई काय म्हणतील?"

"त्येंचं काय. त्येंना कुटं काय सांगायचंय."

"आणि लग्नाच्या वेळी?"

"बाई, मी काय म्हंते, तुमी जरा शांत..."

"मी शांतच आहे! तुम्ही फार भोळ्या आहात. आज गोंदण, उद्या काय? माझ्या लेकीनं असं केलं असतं ना..."

"तर?" भाभींनी एकदम विचारलं. "तर काय क्येलं असतं तुमी?"

"कार्ड बंद! त्या क्षणी! पैसाच नाही, तर गोंदणार कशानं?"

"नक्की?"

"शंभर टक्के! द्या तो फोन."

"आवं बाई, नगा. ऐका तर माझं. नूरीन मला म्हनली हुती की..."

"मुली काहीही म्हणतात!" मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बँकेचा नंबर लावला. कार्ड हरवलं असल्यास दोन दाबा, असं यंत्र म्हणालं. मी दोन दाबलं. खात्री असल्यास एक दाबा. मी एक दाबलं. इतकी खात्री मला आयुष्यात कशाचीच नव्हती. भाभी कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या.

"झालं!" मी म्हणाले. "आता तुम्ही निर्धास्त राहा."

"मी हायच," भाभी म्हणाल्या.

मी त्यांना चहा केला. दूध उतू जाऊ दिलं नाही. कपात ओतते आहे, तोवर माझा फोन वाजला. टिंग नव्हे, पूर्ण वाजला. प्रांजल! आणि गुरुवारी? स्वतःहून?

"आई," ती रडकुंडीला आली होती. "मेहरुनचाची तिथे आहेत का? त्यांना विचार ना, कार्डाला काय झालं? बंद दाखवतंय. मी इथे काउंटरवर उभी आहे, उरलेले पैसे द्यायचेत, मागे तीन माणसं आहेत!"

"नूरीनच्या कार्डाशी तुझा काय संबंध?"

"ते... आई..."

"प्रांजल, तू कुठल्या काउंटरवर उभी आहेस?"

तिकडून सुईच्या यंत्राची घरघर ऐकू आली.

मी वळून भाभींकडे पाहिलं. त्या बशीत चहा ओतत होत्या, फार लक्षपूर्वक.

मग सगळं बाहेर आलं. माझ्या तिसऱ्या टिंगेनंतर या दोघींनी ठरवलं होतं. प्रांजलनं महिन्याला एकदा रोख रक्कम काढायची आणि नूरीनला द्यायची. नूरीन रोख वापरणार, आणि तिचं कार्ड प्रांजलकडे. "कारण आई, नूरीनच्या कार्डावर कॉफी घेतली, की ती गरम असताना पिता येते!"

म्हणजे फुलं? प्रांजलची. नाटक? प्रांजलचं. वाकडा निळा कप? तिनं स्वतःच्या हातानं केलेला! मी इतके महिने जिच्यावर जळत होते, ती माझीच लेक होती. आणि गोंदण...

"तुम्हाला माहीत होतं?" मी भाभींना विचारलं.

"दिवाळीपास्नं."

"आणि तरी रोज फोन घेऊन माझ्याकडे यायच्या? वाचून घ्यायला?"

"मग? लेक कुनाची?" भाभी म्हणाल्या. "पोरींनी माझ्याकडनं शपथ घेतल्याली, बाईंना सांगायचं न्हाई म्हनून. सांगितलं न्हाई. पर तुमी रोज वाचत हुता न्हवं? म्हनलं, तेवढंच तुमाला बी कळंल, पोरगी खुशीत हाय."

मी चष्मा काढून पुसला. फोनमधून प्रांजल मात्र बोलत होती, "आई! तिनाचे पाच झाले मागे!"

शेवटी नूरीन रोख रक्कम घेऊन पळत गेली आणि माझी लेक सुटली. अर्ध्या तासानं फोटो आला. सोबत लिहिलं होतं: 'रागावू नकोस. तू मला फळ्यावर पहिल्यांदा काढायला शिकवलेलं चित्र आहे. तुझी आठवण येते म्हणून.'

मनगटावर इवलासा षटकोन. बेंझीन! माझे डोळे भरले. भरलेल्या डोळ्यांनी मी फोटो मोठा करून पाहिला आणि किंचाळले.

"चार! दुहेरी बंध चार काढलेत! बेंझीनमध्ये तीन असतात! कार्बनला हात चारच, मग हायड्रोजनला कुठला देणार?"

"आता काय झालं?" दगडाबाई काठी टेकत आल्या. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू, ठिपके, सगळं हिरवं झालेलं.

"ह्यात रडायचं काय? ह्यो इंचू बगा. मोर काढाय सांगितला हुता. गोंदल्यालं पुसत न्हाई. चुकलं तर तितं फूल काढायचं, दुसरं काय!"

मी प्रांजलला तसं कळवलं. सोबत लेखी शपथही दिली, की यापुढे टिंग झाली तरी फोन करणार नाही. शपथेची परीक्षा लगेचच सुरू झाली. कारण नूरीनचं कार्ड मी 'हरवलं' म्हणून कायमचं बंद केलं होतं आणि नवीन तिकडे पोचायला वेळ लागणार होता. तोवर दोन्ही मुली प्रांजलच्या एकाच कार्डावर!

आता माझा फोन दिवसभर वाजतो. हात शिवशिवतात, म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवते. गल्ली माझ्या पायरीवर जमते. मला हवा होता तो मान अखेर मिळाला आहे. फक्त कुठली टिंग कुणाच्या लेकीची, हे कळायला मार्ग नाही. भाभींनी वाटणी करून टाकली आहे. पुस्तकांचं दुकान आलं, की "ही माझी." आइस्क्रीम आलं, की "ती तुमची."

परवा संध्याकाळी डब्यात टिंग वाजली. मी तांदूळ झटकून वाचलं. टॅटूचं दुकान.

"ही तुमचीच!" भाभी म्हणाल्या.

"माझीच आहे!" मी ताठ मानेनं म्हणाले. "दुरुस्ती करून घेतेय."

"फूल काढलं का इचारा की," दगडाबाई म्हणाल्या.

विचारणार कशी? शपथ! मी भाभींकडे पाहिलं. त्यांनी केव्हाच नूरीनला फोन लावला होता. "आगं, बाई इचारत्यात..."

"मी विचारत नाहीये!" मी ओरडले.

"आई, ऐकू येतंय," तिकडून प्रांजल म्हणाली.

फोटो आला. चौथ्या बंधावर छोटंसं जास्वंदीचं फूल उमललं होतं. सुरेख. गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं, दगडाबाईंनी पसंतीची मान हलवली. मी फोटो मोठा केला. पाकळ्या मोजल्या. सहा होत्या. जास्वंदीला पाच असतात.

पण वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नाही, म्हणून मी गप्प बसले.

म्हणजे, भाभींनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता.