तुलनात्मक तक्ता आणि डावा पाय

"बाबा, गाडी तर ऑटोमॅटिकच घेणार. पण गिअरबॉक्स कुठला घ्यावा, तुम्ही बघाल का जरा?" शौनकने जेवताना सहज विचारलं आणि तिथेच घात झाला. सुधीररावांना 'जरा' बघता येत नसे. चौतीस वर्षं सरकारी खात्याच्या खरेदी शाखेत कारकुनी केलेला माणूस झाडू घेतानाही तीन दरपत्रकं मागवून तुलनात्मक तक्ता करतो. (तक्त्यावर सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत कचरा वाऱ्याने उडून जाई, हा भाग निराळा.)

"बघतो. पण शनिवार-रविवार सोडून गाडी मी चालवणार."

"चालवा की. मी ऑफिसच्या बसनेच जातो. टेस्ट ड्राइव्हला नीट चालवलीत की किल्ली तुमची."

"नीट म्हणजे? कोपरच्या गल्ल्यांतून बावीस वर्षं गाडी काढलीय मी! तू तेव्हा मागच्या सीटवर उलट्या करत होतास."

शुभदाताई आमटी वाढता वाढता नुसत्या हसल्या. लायसन्स त्यांच्याकडेही होतं, अगदी वेळच्या वेळी नूतनीकरण केलेलं. वीस वर्षांपूर्वी सुधीररावच त्यांना शिकवायला बसले होते. कोपरच्या चढावर ते "क्लच सोड! अगं, क्लच सोड!" असं इतक्यांदा ओरडले, की शुभदाताई इंजिन चालू ठेवून गाडीतून उतरल्या आणि वाटेत भाजी घेऊन रिक्षाने घरी आल्या. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

आठ दिवसांत तक्ता तयार झाला. पहिला उमेदवार ड्युअल क्लच. यात एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढच्या गिअरची तयारी करून बसतो. सुधीररावांचा शेरा: 'शाखेतल्या दोन तरुण कारकुनांप्रमाणे. काम नसताना चपळ. गर्दीत तापतात व धक्के देतात.' दुसरा टॉर्क कन्व्हर्टर, त्यात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. 'जुना हेडक्लार्क. किंचित सावकाश, पण फाइल हललेली कळतही नाही.' तिसऱ्या सीव्हीटीत गिअरच नसतात, नुसता पट्टा सरकतो. 'आवाज आधी, काम नंतर. साहेब.'

मग ते माहितीपुस्तिकेकडे वळले. 'शून्य ते शंभर, अवघ्या साडेसहा सेकंदांत!' या ओळीसमोर त्यांनी लाल पेनाने एकच शब्द लिहिला, 'कुठे?' कल्याण-शीळ रस्त्यावर शंभराचा आकडा गाठायचा तो खड्ड्यांनी. स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे दोन कान होते. म्हणजे आधी गिअर बदलावे लागू नयेत म्हणून पैसे द्या, मग ते हाताने बदलता यावेत म्हणून पुन्हा द्या. वॉशिंग मशीन घेतल्यावर वर धुणं बडवायला मोगरी घ्यावी, तसलाच शहाणपणा. सीटच्या लेदरला बारीक भोकं आणि आत पंखा. 'चाळणीवर बसण्याचे प्रयोजन समजले नाही.'

रविवारी तिघं शोरूमला गेले. तिथून थेट कल्याणला शुभदाताईंच्या बहिणीकडे भाचीच्या केळवणाला जायचं होतं. म्हणून शुभदाताईंच्या हातात अळूच्या भाजीचा मोठा डबा.

"मॅडम, डबा डिकीत ठेवू?" सर्वेश नावाच्या विक्रेत्याने विचारलं. श्वास घेतला की बटण तुटेल, इतका तंग कोट त्याने घातला होता.

"नको रे बाबा. कलंडेल."

त्या डबा मांडीवर घेऊन शौनकच्या शेजारी मागे बसल्या. सुधीरराव स्टिअरिंगवर आणि सर्वेश त्यांच्या डाव्या हाताला.

"सर, हा ड्युअल क्लच आहे. परफॉर्मन्स फील करा. फक्त डावा पाय बाजूला ठेवा, त्याला काही काम नाही."

"मला शिकवू नकोस. तक्त्याचं पान तीन वाच."

गाडी झकास निघाली. सुधीरराव एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने सर्वेशला तेलाचे गुणधर्म समजावून सांगू लागले. इतक्यात एक रिक्षा, रिक्षाच्या रिवाजाप्रमाणे, न सांगता आडवी आली. पेडल दोनच, हे सुधीररावांच्या डोक्याला पाठ होतं. पण डाव्या पायापर्यंत परिपत्रक पोचलं नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीने तो उठला आणि क्लच समजून त्याने भलामोठा ब्रेक तळापर्यंत दाबला.

गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली. चौघांनाही पट्ट्यांनी धरलं. डब्याला पट्टा नव्हता.

अळू दोन सीटांच्या मधून पुढे आलं. थोडं सर्वेशच्या टायवर स्थिरावलं, उरलेलं त्या गोऱ्यापान सीटवर. रस्सा भोकांतून खाली गेला, शेंगदाणे वर राहिले. चाळणी कंपनीने उत्तम प्रतीची वापरली होती.

"बाबा!"

"या गाडीचा ब्रेक सदोष आहे," सुधीरराव गंभीरपणे म्हणाले.

"सर, तुम्ही डाव्या पायाने ब्रेक दाबलात."

"मी क्लच दाबला!"

"सर, क्लच नाहीये."

"आत्ता म्हणालास ना, दोन आहेत?"

दुसऱ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता. (त्यात सर्वेशने आधी सीटवर प्लॅस्टिक अंथरलं.) गतिरोधक आला, पाय उठला, चौघांच्या माना हलल्या. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सर्वेश खिडकीवरच्या दांड्याला लोंबकळत म्हणाला, "सर, राग मानू नका. मॅडमना बघू देता?"

शुभदाताई पुढे आल्या. डावी चप्पल काढली, भाजी निवडायला बसताना घेतात तसा डावा पाय खाली दुमडून घेतला आणि पोखरण रोडवरून मोठा वळसा घालून गाडी शोरूमच्या दारात आणून लावली. एकाचीही मान हलली नाही.

"कुठे शिकलीस हे?" सुधीररावांचा आवाज बारीक झाला होता.

"शिकलेच होते की. तेव्हा एक पेडल जास्त होतं," शुभदाताई चप्पल घालत म्हणाल्या, "आणि एक माणूस."

गाडी टॉर्क कन्व्हर्टरचीच आली. तक्त्याची शिफारस शब्दशः मान्य झाली, हे सुधीरराव वर्तकनगरात भेटेल त्याला सांगतात. किल्ली कोणाकडे, हे कोणी विचारू नये म्हणून पुढचा प्रश्न यायच्या आत निघतात.

परवा दोघं पुन्हा कल्याणला निघाले. शुभदाताई स्टिअरिंगवर, सुधीरराव शेजारी, त्यांच्या मांडीवर डबा. पत्रीपुलाच्या अलीकडे एक रिक्षा आडवी आली. गाडी अलगद थांबली, पण डावीकडच्या पायपुसण्यावर धाडकन आवाज झाला.

रस्त्यावरची नजर न काढता शुभदाताई म्हणाल्या,

"अहो, क्लच सोडा."