मास्तरांनी मुडपलेली काडतुसं

"टक्."

नोव्हेंबरच्या सामन्यात डेलमार हॅगस्ट्रॉमच्या नव्या पिस्तुलानं पहिल्याच गोळीला एवढाच आवाज काढला, आणि नेब्रास्कातल्या त्या छोट्या नेमबाजी क्लबाच्या जमलेल्या एकोणीस सभासदांनी एकदम माना वळवल्या. कारण काडतुसं डेलमारनी घरी स्वतः भरलेली होती. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा कशा भरायच्या, याचा वर्ग ते चौतीस वर्षं दर गुरुवारी घेत. सगळा क्लब त्यांना मास्तरच म्हणे. आता मास्तरांचं वय झालं, वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा, अशी कुजबुज होती. सामना संपल्यावर कमिटी त्याचाच निकाल लावणार होती.

"हलू नका, मास्तर!" कॉरीन ब्लाझेक ओरडली. "नळी समोर. तीस सेकंद."

कॉरीन मैदान सांभाळायची. त्याआधी तिनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे माणसं जागच्या जागी कशी बसवायची हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. बार कधीकधी उशिरा उडतो, म्हणून 'टक्' झालं की तीस सेकंद पुतळा व्हायचं, हा नियम. तो क्लबात लिहून लावला होता खुद्द मास्तरांनी.

दुसरी गोळी. टक्. तीस सेकंद. तिसरी. टक्. चौथी मात्र धाडकन सुटली आणि बरोबर मधल्या काळ्या ठिपक्यात बसली.

"बघा!" मास्तर गरजले. "काडतुसात खोट असती तर ही गेली असती का?"

पाचवी. टक्.

वीसपैकी सहा उडाल्या. उरलेल्या चौदांनी गारठ्यात सगळ्यांची सात मिनिटं खाल्ली, आणि थर्मासमधली कॉफी निवली ती वेगळीच.

मास्तर संतापानं बीटासारखे लाल झाले होते. "प्रायमर! हल्ली बुडातल्या त्या टिकलीत ठिणगीपुरता जीवही घालत नाहीत. पत्र लिहितो त्या कारखान्याला! आणि हे पिस्तूल! दुकानदारानं गळ्यात मारलं माझ्या. माझ्या रिव्हॉल्व्हरनं उभ्या जन्मात असं केलं नाही. शिवाय हिनं गॅरेजात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या मांडल्यात, दारू सादळणार नाही तर काय!"

गुणांची वही घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोनं, लावॉननं, मान वर केली. "डेलमार, माझ्या बरण्यांची झाकणं नीट बसतात. तुझं तू बघ."

कॉरीननं न उडालेलं एक काडतूस उचललं. प्रायमरवर पिस्तुलाच्या सुईची खूण होती, पण लाजत लाजत उमटल्यासारखी.

"मास्तर, पुंगळीचं तोंड किती मुडपलंत?"

"नेहमीइतकं! गोळीभोवती गच्च. चौतीस वर्षं तसंच मुडपतोय."

"रिव्हॉल्व्हरसाठी ना?"

"काडतूस ते काडतूस, पोरी!" पोरगी एकसष्ट वर्षांची होती.

तिनं पिस्तूल रिकामं करून नळी बाहेर काढली आणि उभी धरली. आधी दुकानातलं काडतूस आत सोडलं. टुक्. बूड नळीच्या काठाला येऊन थांबलं. मग मास्तरांचं सोडलं. ते थांबायचं नाव घेईना. बूड काठाच्या खाली गेलं.

"हे कुठं निघालं?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

"रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी काठ असतो," कॉरीन म्हणाली. "त्या काठावर ते लटकतं, तोंडाचं काही का होईना. या सरळ पुंगळीला तसला काठच नाही. ती नळीच्या आतल्या पायरीवर ओठ टेकून उभी राहते. तुम्ही तिचे ओठच आत दाबलेत. मग ती पायरीवरून घसरून पुढे जाते, मागे जास्त जागा उरते, आणि सुई पोचते न पोचते. हेडस्पेस म्हणतात ते त्या मागच्या जागेलाच."

"हेडस्पेस मला शिकवतेस?" मास्तर कडाडले. "तो धडा मी लिहिलाय!"

"हो. त्याच्यावरूनच सांगतेय. पान बारा."

मास्तरांनी पुन्हा एकदा काडतूस नळीत सोडून पाहिलं. ते पुन्हा खाली गेलं. अपमान वाटावा इतक्या सहज गेलं.

कमिटी बंद खोलीत वीस मिनिटं बसली. बाहेर येऊन कॉरीननं निकाल सांगितला, "वर्ग मास्तरांकडेच राहील. घरी अजून अशी चारशे भरून ठेवलीत म्हणतात. काय करू नये याचे इतके नमुने साऱ्या जिल्ह्यात कुणाकडे नाहीत."

"म्हणजे मी तुमच्या दृष्टीनं चुकीचा नमुना?"

"हो, मास्तर."

मास्तर टोपी काढून तिथल्या तिथे राजीनामा देणार होते. पण राजीनामा दिला तर वर्ग कॉरीन घेणार, हे कळल्यावर त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

पुढच्या गुरुवारी एरवीच्या सातांऐवजी सव्वीस जण हजर झाले. चौतीस वर्षांत कधी न फिरकलेली लावॉनही वही घेऊन पहिल्या रांगेत बसली. मास्तरांनी नळी उभी धरली, मुडपलेलं काडतूस आत सोडलं आणि भरल्या वर्गावर असे भडकले, की जणू ते बाकीच्यांनीच भरलं होतं.

"नीट लिहून घ्या! जो गाढव पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरसारखं मुडपील, त्याचं हे असं होतं!"

लावॉननं पेन्सिलीला टोक केलं.

"गाढवाचं नाव पण लिहायचं का, मास्तर?"