उष्णतेचे गुण

सिग्ने नाताळाला अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटी फिनिक्सहून बर्फाळ डुलूथला आली ती आईसाठी खजुराचा डबा आणि बापासाठी नवा कॉम्प्युटर घेऊन. अंगातला कोट काढायच्या आधी तिनं तळघरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा निकाल लावला.

"बाबा, त्याचा प्रोसेसर बारा वर्षांचा झाला. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं यादीतून काढलाय त्याला."

"मग? चालतोय की."

"चालतोय, पण पात्र नाही."

हा शब्द आर्विड हॉगेनच्या ओळखीचा होता. उभी हयात कागदाच्या गिरणीत घालवल्यावर नव्या मालकांनी त्याला हाच शब्द चिकटवून घरी धाडलं होतं. चालत्या माणसाला आणि चालत्या यंत्राला अपात्र ठरवून नवं गळ्यात मारायचं ही बदमाशी आहे. तिला प्रगती म्हणणाऱ्यांना एकदा जानेवारीत गावच्या गोठलेल्या सरोवराच्या धक्क्यावर अनवाणी उभं करावं. पण आर्विड बोलला काहीच नाही. तो जुना कॉम्प्युटर त्यानं आणि शाळकरी सिग्नेनं मिळून जोडला होता. प्रोसेसर जागेवर बसवला तो तिच्याच बोटांनी, श्वास रोखून. हे ती विसरली असेल, तर आठवण करून देणं म्हणजे भीक मागणं.

"सरळ तुलना करू," सिग्ने म्हणाली. "दोघांना एकच काम. हरेल तो शनिवारी कचरा केंद्रावर."

"करा," आर्विड म्हणाला.

पंच म्हणून मार्लिसचा, म्हणजे सिग्नेच्या आईचा, भाऊ ड्वेन आला. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मार्लिसनं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला खिमा-बटाटा, केला होता, एवढी पात्रता त्याला पुरेशी होती.

"कसा झालाय?" मार्लिसनं विचारलं.

"फार वाईट नाही," तिसऱ्यांदा वाढून घेत ड्वेन म्हणाला. या गावात स्तुती याच्या वर जात नाही. मार्लिस लाजली.

मग सगळे तळघरात उतरले. तिथं जुना कॉम्प्युटर वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, एका विद्यापीठाची गणितं फुकट सोडवत बसलेला असे. आर्विडला वाटे, आपण घरी बसलो तरी आपलं यंत्र तरी कुणाच्या उपयोगी पडावं. त्यातलंच एक गणित दोघांना दिलं. जुन्याचा पंखा बर्फ उपसायच्या यंत्रासारखा घोंगावू लागला. नव्यानं हूं की चूं केलं नाही. जुना अजून पाव वाटेवर होता आणि नव्याचं काम संपलंसुद्धा.

"वेग, नवा," सिग्नेनं जाहीर केलं. "वीज, नवा. आवाज, नवा. उष्णता..." तिनं जुन्याच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन काढला. "बापरे, ही तर भट्टी! उणे दहा."

"उष्णतेचे गुण कापतात होय?" ड्वेननं विचारलं.

"मामा, उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज."

"असं आहे का," ड्वेन म्हणाला आणि त्यानं नव्याला विजयी घोषित केलं.

मोजपट्टी नेहमी विकणाऱ्याच्याच खिशातून निघते, आणि तिच्यावर नेमक्या त्याच खुणा असतात ज्यांत त्याचा माल उंच दिसतो. पण हरलेल्यानं मोजपट्टीला नावं ठेवली की लोक हसतात. आर्विडनं जुना कॉम्प्युटर उचलला, गॅरेजमध्ये नेऊन ठेवला आणि त्याच्यावर घोंगडी घातली. त्याच्या जागेवर नवा बसला.

रात्री पारा उणे तीसच्या खाली गेला. सिग्नेच्या खोलीत आता आईचं शिवणकाम पसरलेलं, म्हणून तिची गादी तळघरात घातली होती. सकाळी ती वर आली ती कोट घालून.

"झोप लागली?" मार्लिसनं विचारलं.

"फार वाईट नाही."

"खाली गारठा तर नव्हता ना?"

"छे! मी काय अ‍ॅरिझोनाची आहे?"

या गावात थंडी वाजते असं कुणी म्हणत नाही. बोट काळंनिळं पडलं तरी म्हणत नाही. त्यात सिग्नेला, वाळवंटात राहून मऊ पडलीस, हे ऐकायचं नव्हतं. आर्विड कपडे धुवायला खाली उतरला तेव्हा त्याचेही दात कडकडले. पण तो बोलला असता तर पोरगी म्हणाली असती, बाबा हरले, आता कारणं शोधताहेत. तोही गप्प. मार्लिस बटाटे आणायला हातमोजे घालून गेली आणि दोघांची तोंडं बघून तीही गप्प. तिघं लोकरीच्या टोप्या घालून नाश्त्याला बसले आणि ऊन किती छान पडलंय यावर बोलले.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.

तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवरचा पाइप गोठला होता, नेमका नव्या कॉम्प्युटरच्या डोक्यावरचा.

ड्वेन बायकोचा हेअर ड्रायर घेऊन धावत आला. "इथली गरम हवेची झडप कुठाय?"

आर्विडला तेव्हा आठवलं. जुना कॉम्प्युटर आला त्या पहिल्याच हिवाळ्यात खाली इतकं उकडायला लागलं, की घर तापवणारी गरम हवा तळघरात सोडणारी ती झडप त्यानंच बंद करून टाकली होती. आता ती काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे होती. सगळ्या बरण्या हलवल्या. ड्वेननं जोर लावून दांडा फिरवला. दांडा त्याच्या हातात आला.

"गंजलीय," ड्वेन म्हणाला.

"दिसतंय," आर्विड म्हणाला.

मग ड्वेननं पाइपवर हेअर ड्रायर धरला. बर्फ वितळला, आणि पाइपला चीर कुठं गेलीय ते सगळ्यांना एकदमच दिसलं. पाण्याची पिचकारी थेट नव्या कॉम्प्युटरच्या जाळीत शिरली.

"बंद कर! बंद कर!" मार्लिस ओरडली.

"काय? ड्रायर का पाणी?"

"दोन्ही, गाढवा!"

आर्विडनं घराची मुख्य तोटी बंद करेपर्यंत नवा कॉम्प्युटर बंद पडला होता. बंद पडण्यातही नव्यानं जुन्याला मागं टाकलं.

प्लंबर म्हणाला, उद्या येतो. अर्ध्या गावाचे पाइप फुटलेत. आर्विड फरशी पुसायला लागला. सिग्ने ओल्या मोज्यांनिशी गादीच्या कडेला बसून होती.

"बोला ना, बाबा."

"काय बोलू?"

"जे पोटात आहे ते."

"तो कोपरा राहिलाय. पाय वर घे."

तिनं पाय वर घेतले, पोटाशी धरले. तिची हनुवटी थरथरत होती. चर्चमध्ये पाप कबूल करावं तशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, मला थंडी वाजतेय."

ड्वेननं डोक्यावरची टोपी काढली. मार्लिस हळूच म्हणाली, "मलाही."

आर्विडनं पोछा ठेवला आणि गॅरेजमधून जुना कॉम्प्युटर घोंगडीसकट उचलून आणला. गारठलेलं यंत्र एकदम चालू केलं तर आत घाम धरतो, म्हणून त्यानं ते वरच्या उबेत तासन् तास नुसतं ठेवलं. संध्याकाळी तो ते खाली घेऊन आला, भिंतीपासच्या कोरड्या फळीवर मांडलं, वायरी जोडल्या आणि बाजूला झाला.

"तू कर," तो म्हणाला. "बसवलास तूच."

"माहितेय मला," सिग्ने म्हणाली. "श्वास रोखून."

तिनं बटण दाबलं. पंखा घोंगावला, विद्यापीठाचं गणित अर्ध्यावर राहिलं होतं तिथून पुढं सुरू झालं. हळूहळू भिंत कोमट झाली. मार्लिसनं खुर्ची ओढून हातमोजे उतरवले. सिग्ने कॉम्प्युटरच्या पाठीला पाठ लावून बसली.

ड्वेननं घसा साफ केला, आणि पंचाच्या आवाजात विचारलं, "उष्णता?"

सिग्नेनं डोळे मिटलेलेच ठेवले.

"फार वाईट नाही."