डाग स्थिर आहे

बाबा डोळे तपासायला गेले ते चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. रहस्यकथेची शेवटची दोन प्रकरणं राहिली होती आणि अक्षरं पुसट झाली होती. वाचून दाखवलेलं त्यांना चालत नसे. खुनी कोण हे मला ठाऊक होतं, पण "सांगितलंस तर बघ!" अशी तंबी होती.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत डोकावले आणि खुलले.

"आजोबा, पडद्यामागे डाग आहे. अंगावर तीळ असतो तसा. बहुधा निरुपद्रवी. पण लक्ष ठेवायला हवं."

"ठेवा की. चष्म्याचं काय?"

"आता थेंब घातलेत, नंबर निघणार नाही. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी नियमाप्रमाणे आधी डाग. डागासाठी थेंब. थेंबांनंतर नंबर नाही. त्याच्या पुढच्या वेळीही तेच.

"आधी नंबर काढला तर?" मी विचारलं.

नंबर काढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ताई, ते डागाचे पेशंट आहेत. नंबरवाले त्या रांगेत."

"मग मी त्या रांगेत बसतो," बाबा म्हणाले.

"बसाल हो. पण डाग असला की तिथून इकडेच पाठवतात."

दरम्यान डागाचं नाव झालं. त्याचा फोटो परिषदेला जाऊन आला आणि चौकटीत बसून दवाखान्याच्या दारात लागला. शिकाऊ डॉक्टर एकेक करून बाबांच्या डोळ्यात डोकावले. "किती सुंदर!" एकजण म्हणाली.

"तुझ्या आईनंसुद्धा असं कधी म्हटलं नाही गं," बाबा मला म्हणाले.

मग त्यांचं हृदय थकलं. हृदय डोळ्यांच्या विभागाकडे नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी मी खुन्याचं नाव सांगायला कानाशी वाकले.

"सांगू नकोस," ते पुटपुटले. "पुढच्या वेळी नंबर काढणार आहेत."

तपासणीला का आला नाहीत म्हणून दवाखान्यातून फोन आला. मी कारण सांगितलं. डॉक्टर हळहळले. "डाग मात्र अगदी स्थिर होता हं," ते म्हणाले.

भेटायला येणारे आवाज खाली आणून विचारतात, "त्या डागाचं काय झालं हो शेवटी?" स्थिर होता म्हटल्यावर त्यांना हायसं वाटतं. पुस्तक उशाशी आहे, खूण घातलेली. त्याकडे कुणी पाहत नाही.

तुम्हीही इथवर डागावरच लक्ष ठेवून होतात ना?