बागेतील टेनिस कोर्टांवर फी बसली त्या समयीची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. ज्याने पृथ्वी वाटोळी केली, ती फिरती ठेविली, आणि वर फेकिले ते खाली येईल ऐसा नेम घालून दिला, त्यास प्रथम नमन. नंतर बागेतील टेनिस कोर्टांवर फी कैसी बसली आणि त्या गडबडीत काय राखिले, हे विचारिले गेले, म्हणोन जे घडले तितकेच लिहिले असे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु त्या साली राज्यात मोठासा क्रोध कोणी केला नाही. नगराच्या मध्यभागी सरकारी बाग होती, आणि बागेत लाल मातीची तीन टेनिस कोर्टे होती, आणि ती राखावयास सरूबाई वाघचौरे नामे बाई एकोणीस वर्षे नेमिली होती. तिने पहाटेच येऊन मातीस पाणी मारावे, मग लोखंडी रोलर ओढावा, मग पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढाव्या, आणि रेघ ऐसी ओढावी की सुतारानेही वाखाणावी. बाईने स्वतः रॅकेट कधी हाती धरिली नव्हती. परंतु सकाळी सहापासून सातपर्यंत तिसऱ्या कोर्टावर, बागेच्या दिव्याखाली, टेकडीमागल्या वस्तीच्या नऊ मुली खेळत, आणि पहिल्या दोन कोर्टांस पाणी मारता मारता त्यांजकडे पाहणे, हेच बाईचे सारे सुख होते. मुलींस दिवसातून हा एकच तास मोकळा. पुढे शाळा, मग नळाचे पाणी, मग धाकटी भावंडे. त्यांत बिल्किस नामे मुलगी बारा वर्षांची होती, तिची सर्व्हिस रेघेच्या आत चार बोटांवर पडे, आणि दहापैकी सात वेळा तेथेच पडे, हे बाईने महिनाभर पाहून मनाशी पक्के केले होते.

त्या बागेचा रिवाज ऐसा होता की, ज्यास खेळणे असेल त्याने आपली रॅकेट तारेच्या कुंपणास टांगावी, आणि टांगल्या क्रमाने पाळी यावी. मोठे वकील आले तरी टांगून उभे राहत, आणि त्यावरून तंटा कधी जाहला नाही. मुलींच्या मात्र नवांत मिळून रॅकेटी दोन. कोणी गृहस्थ परमुलखास गेले, त्यांनी टाकिल्या, त्या सरूबाईने तार बांधून नीट केल्या. मग जिचा फटका जाळीत जाई तिने रॅकेट पुढचीस द्यावी आणि आपण चेंडू वेचावे, ऐसे चाले.

पुढे कोर्टांची माती उडाली, खड्डे पडले, आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त जाहलेले विसूभाऊ आगटे दुसऱ्या कोर्टावर खड्ड्यात पाय जाऊन पडले, गुडघा सुजला. बोभाटा दरबारी गेला. दरबारने सांगितले की खजिन्यात मातीस पैका नाही, खेळणारांनी फी द्यावी. बागेचे कारभारी निळकंठराव नाफडे, मनुष्य सज्जन, त्यांनी विचार केला की रयतेस न पुसता फी बसवू नये, म्हणोन हरकती व सूचना मागविल्या. दोनशे बारा अर्ज आले. त्यांपैकी चाळिसांत भेळेची गाडी दारातून हलवावी ऐसे होते, आणि एकाने पोहण्याचा तलाव मागितला होता. उरल्या अर्जांत निम्म्यांनी फी द्यावी म्हटले आणि निम्म्यांनी बाग सर्वांची म्हटले, तेव्हां कारभारी यांनी ठरविले की कोणत्या तासास किती खेळतात ते मोजावे, आणि जेथे चारांहून कमी असतील तो तास भाड्याने टेनिसच्या शिकवणीवाल्यांस द्यावा. मोजणीस खुपेरकर कारकून नेमिले आणि ताकीद दिली की, "रॅकेटी मोजा. माणसं हलतात, एकच माणूस दोनदा मोजलं जातं. रॅकेट हलत नाही." खुपेरकर हुकमाचे पक्के. संध्याकाळी सव्वीस रॅकेटी मोजिल्या, त्या सव्वीस लिहिल्या. सकाळी सहा वाजता येऊन दोन मोजिल्या, त्या दोन लिहिल्या, आणि मुलींकडे पाहून चहा प्यावयास गेले.

मग रविवारी सकाळी बागेत जनसुनावणी भरली. खुर्च्या मांडिल्या, ध्वनिक्षेपक लाविला, तो आधी शिट्टी मारू लागला, मग बंद पडला, मग नुसत्या तोंडाने कारभार चालिला. विसूभाऊ उठून म्हणाले, "फी घ्या, माती टाका. माझा गुडघा सरकारजमा व्हायच्या आत टाका." लोक हसले. दुसरे एक म्हणाले, "फी दिल्यावर खड्डा राहिला तर परत मागायची कुठं?" कारभारी म्हणाले, "माझ्याकडे. रोज अकराला असतो." मागून कोणी बोलिले, "साडेबाराला असता, साहेब." कारभारी यांसही हसू आले. मग त्यांनी कागद वाचिला की, सकाळी सहाच्या तासास खेळणारे दोन, सबब तो तास शिकवणीस द्यावा. सरूबाई रोलरापाशी उभी होती, आणि तिच्यामागे त्या नऊ मुली. एकोणीस वर्षांत ती सभेत बोलली नव्हती. परंतु तो तास गेला तर मुलींस दुसरा नाही, हे खुर्च्यांवर बसलेल्या कोणास ठाऊक नव्हते. मग ती पुढे जाहली.

"साहेब, फी बसवा. माती पाहिजेच, खड्ड्यावरून रोलर ओढून माझी कंबर गेली. पण सकाळचे दोन नाहीत. नऊ आहेत."

कारभारी यांनी खुपेरकरांकडे पाहिले. खुपेरकर म्हणाले, "दोन रॅकेटी होत्या साहेब, नीट मोजल्या."

"रॅकेटी दोनच आहेत," बाई म्हणाली. "त्यावर खेळणाऱ्या नऊ आहेत."

"मग अर्ज का नाही केला?" कारभारी यांनी पुसिले.

तेव्हां मागून बिल्किस बोलिली, "केला होता, काका. अठरा पूर्ण नाहीत म्हणून खिडकीवरून परत दिला. मोठी झाल्यावर ये म्हणाले."

खुपेरकर हळूच म्हणाले, "माणसं हलतात, साहेब." मग सरूबाईने मुलींस सांगितले, "पोरींनो, पाळीनं कुंपणाला लागा." आणि त्या नऊजणी, जैसी पाळी तैश्या, तारेस हात घालून ओळीने उभ्या राहिल्या, आणि जराही हलल्या नाहीत. कारभारी खुर्ची सोडून उठले आणि त्यांनी स्वतः पहिलीपासून शेवटचीपर्यंत चालत जाऊन मोजिल्या, आणि परत येताना पुन्हा मोजिल्या. नऊच आल्या. मग म्हणाले, "चूक माझी. खुपेरकरांनी सांगितलं तेच केलं." ऐसे भर सभेत म्हणणारा कारभारी विरळा, म्हणोन येथे लिहिले असे.

परंतु पेच सुटला नाही. कारभारी म्हणाले, "बाई, फी घेतली की सातला तिन्ही कोर्टं तयार लागतील. पोरी सातपर्यंत खेळल्या तर तिसरं कधी करणार?" हे खरे होते. खेळलेल्या मातीस पाणी आणि रोलर यांस अर्धा तास लागे, आणि तो कोठून आणावा हे बाईस सुचेना. बिल्किस म्हणाली, "मावशी, आम्ही ओढू रोलर, साडेसहाला खेळ थांबवून." बाई म्हणाली, "गप गं. अर्धा तास घालवून रोलर ओढायला येता काय इथं?" मग स्वतःच म्हणाली, "साहेब, मी पाचला येते." परंतु पाचला येऊनही खेळ संपण्याआधी खेळून जाहलेली माती करिता येत नाही, हे तिजलाही समजले.

तेव्हां विसूभाऊ काठी टेकून उठले आणि म्हणाले, "सरूबाई, सकाळी पहिले आम्ही म्हातारेच येतो. आमचे सात म्हणजे साडेसातच. गुडघ्याला पट्टा बांधण्यात अर्धा तास जातो." पलीकडून त्यांचे सोबती म्हणाले, "तुमचा जातो. मी सातलाच येतो." विसूभाऊ म्हणाले, "मग माझा पट्टा बांधायला या." सोबत्यांनी मुलींकडे पाहिले, आणि ते म्हणाले, "येतो. साडेसात लिहा, साहेब." आणि कारभारी यांनी तेथेच साडेसात लिहिले.

येणेप्रमाणे पौष मासी फी बसली, फाल्गुनात नवी माती पडली, आणि सकाळचा पहिला तास विनाफी मुलींचा राहिला. चैत्रात मुली चौदा जाहल्या. चौदांचे पाय फिरून तिसऱ्या कोर्टाच्या रेघा सातपर्यंत पुसल्या जाऊ लागल्या, आणि सरूबाई त्या दुसऱ्यांदा ओढू लागली, कोणी सांगितले नसता. या प्रकरणी कोणाचे राज्य गेले नाही, कोणास राज्य मिळाले नाही. कित्येक वृद्ध अर्धा तास उशिरा खेळू लागले, इतकेच. हकीकत पुरी जाहली.