आत्ता भरा, मोकळे व्हा

सबनीसकाका हॉटेलात खुर्चीवर बसायच्या आधी टिप देतात. पाणीसुद्धा आणलेलं नसतं आणि हातात नोट, त्यामुळे वेटर बिचारा गोंधळतो. काका त्याला म्हणतात, "पे नाऊ, बी फ्री." मग आमच्याकडे वळून मराठीत, "आत्ता भरा, मोकळे व्हा."

इथे अमेरिकेतल्या ट्रॉय गावात ते आमच्या शेजारी राहतात. जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, आता रिटायर. बर्फ काढणाऱ्याला ते ऑगस्टमध्येच पैसे देतात, तोही घाम पुसत घेतो. आमच्याकडे गणपतीला आले की दारातच सांगतात, "मी मोदक जास्त खाणार आहे, आधीच सॉरी." मुलगी नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला निघाली, तेव्हा या गृहस्थांनी आठवडाभर आधी घरातच रडून घेतलं. एअरपोर्टवर डोळे कोरडे ठणठणीत. पोरगी रडरड रडली, तर हे तिलाच विचारतात, "तू आधी का नाही उरकलंस?"

अशा माणसाला रॉथ अकाउंट सापडल्यावर काय होणार, सांगा. इथे नोकरीत असताना फोर-ओ-वन-के मध्ये पैसे साठवतात. त्यावर तेव्हा कर नसतो, म्हातारपणी काढताना लागतो. तेच पैसे रॉथमध्ये हलवले, तर कर त्याच वर्षी भरायचा, पुढे काढताना काही नाही. काकांना देव भेटल्यासारखं झालं. सगळं एका झटक्यात हलवायला निघाले, पण काकू आडव्या आल्या.

तेव्हापासून दर डिसेंबरात त्यांच्याकडे हेच भांडण. मी टॅक्सचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून पंच मी.

"यंदा सगळं हलवू," काका म्हणतात.

"थोडंसं हलवा," काकू भाजी चिरता चिरता.

"अगं, मी गेल्यावर तू एकटीनं रिटर्न भरणार. एकट्या माणसाला तेवढ्याच पैशावर जास्त कर बसतो. तुला टॅक्सवाल्यांचं साधं पाकीट आलं तरी धडकी भरते. माझ्या मागे तुला कटकट नको."

"थोडंसं."

मी दरवेळी काकूंच्या बाजूनं. एकदम हलवलं तर ती सगळी रक्कम त्या वर्षाची कमाई धरतात आणि कराचा दर वर चढतो. थोडं थोडं हलवण्यातच शहाणपण. काका चडफडत ऐकतात. काकूंना पैशातलं किती छान कळतं, असं मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगत आले.

यंदा मात्र हिशेब काकांच्या बाजूनं निघाला. उरलेलं आता इतकं थोडं होतं, की सगळं हलवलं तरी दर तोच राहत होता. मी तसं सांगितलं. काका लहान मुलासारखे खूश होऊन लॅपटॉप आणायला वर गेले.

काकूंनी गॅस बंद केला.

"काकू, आता काय अडचण आहे?" मी विचारलं.

"अडचण कसली." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मला ते दर-बिर काही कळत नाही गं. तू आपली माझी उगाच तारीफ करतेस. हा माणूस कशासाठी धडपडतोय? तर मी एकटी राहीन त्या दिवसांसाठी. मला ते दिवसच नकोत. सगळं भरून झालं, हे मोकळे झाले, की मला भीती वाटते. म्हणून दरवर्षी थोडं बाकी ठेवायला लावते. बाकी असलं की हे थांबतील, असं आपलं वाटतं. वेडेपणा आहे, मला कळतं."

मी मान वळवली, तर काका लॅपटॉप छातीशी धरून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे. कधी खाली आले, कुणास ठाऊक.

मग त्यांनी लॅपटॉप न उघडताच टेबलावर ठेवला आणि काकूंच्या शेजारची खुर्ची ओढली.

"थोडं राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

सबनीसकाकांच्या तोंडून 'पुढच्या वर्षी बघू' मी पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनी डोळे पुसले आणि गॅस परत लावला.